चढणीचं स्तोत्र

मिरजेत चढण अशी नाहीच.
रेल्वेचा पूल काय तो एक,
त्यावरूनही आता मी रिक्षानं जाते.
तरी उपासकाळाच्या आधी पाळकसाहेब म्हणाले,
एक स्तोत्र घ्या, एकच, आणि त्यात राहा.
मी सगळ्यात छोट्यांतलं घेतलं.
एकशे एकतिसावं. तीन वचनं.
मोतीबिंदूचा डोळा नुकताच उघडलेला,
डॉक्टरांनी वाचायला दहा मिनिटं दिलेली,
एवढंच कारण. भक्ती वगैरे नंतर.

वर बारीक अक्षरात: आरोहणस्तोत्र.
म्हणजे डोंगर चढताना म्हणायचं.
आणि आत सांगतं काय,
तर फार वर बघू नकोस,
हाताला न येणाऱ्या फांदीसाठी उड्या मारू नकोस.
मला हसू आलं. मग आलं नाही.

कारण पहिल्याच वचनात मेट्रनची खुर्ची होती.
एकतीस वर्षं मिशन दवाखान्यात,
बाळंतिणींच्या वॉर्डातल्या रात्रपाळ्या,
आणि खुर्ची मिळाली रत्नप्रभा हिवाळेला,
जिला आडवं मूल हातानं फिरवता यायचं नाही.
आता ती चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसते.
मी तिच्या अंबाड्याकडे बघत प्रार्थना म्हणते,
क्षमेच्या ओळीपाशी
दर रविवारी माझा आवाज बसतो.

महिनाभर मी पुढं गेलेच नाही.
खोटं कसं वाचायचं?
माझं मन चढेल नाही, असं मोठ्यानं म्हणायचं,
आणि भिंतीवर निरोपसमारंभाचा फोटो:
ती मधोमध, मी कडेला, अर्धी कापलेली.

शेजारी इलाहीभाई सतारीची जवारी काढत होते.
हाडाच्या घोडीवर कानस, मग तार छेडायची,
मग पुन्हा कानस,
इतकी हलकी की घासलं की नाही कळू नये.
विचारलं, हे कधी संपतं?
म्हणाले, "सिस्टर, हाडाला विचारायचं नाही.
तारेला विचारायचं."
घरी येऊन मी दुसरं वचन वाचलं.

तिथं एक मूल आहे, आईपाशी.
मला वाटायचं, पिऊन झोपलेलं.
वॉर्डात तशी किती पाहिली,
ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब, मुठी सैल.
पण चष्मा पुसून बघितलं तर शब्द वेगळा होता:
दूध तुटलेलं.

हे मला कुणी शिकवायचं?
मी स्वतः कडुलिंबाचा पाला वाटून लावलाय.
अनुग्रह तेव्हा सव्वादोन वर्षांचा.
तोंड लावलं, थुंकला,
आणि माझ्याकडे असं बघितलं
जसं घर विकणाऱ्याकडे बघतात.
तीन रात्री रडला. मीही, पलीकडच्या खोलीत.
चौथ्या संध्याकाळी आपणहून आला,
मांडीवर चढला, पदराशी झोंबला नाही.
माझ्याकडे पाठ करून बसला,
रस्त्याकडे तोंड.
किल्ल्याच्या बाजूनं एक टांगा येत होता.
काही मागायला आला नव्हता.
नुसता आला होता.

मग वाटलं, देवानं त्या खुर्चीला
कडुलिंब लावला असेल का?
लगेच वाटलं, हे फार सोयीचं आहे.
रत्नप्रभेला ती कडू लागलेली कधी दिसली नाही.

तिसरं वचन सगळ्या लोकांना सांगतं, आशा धरा.
ते मी अजून नुसतंच वाचते,
दुसऱ्याच्या पत्त्यावरचं पत्र वाचावं तसं.

काल आईचं जुनं शास्त्र काढलं.
विट्याकडच्या वाड्यावस्त्यांवर
ती पायी वचन सांगत फिरायची.
याच पानाच्या समासात, पेन्सिलीनं:
अजून नाही. १९५८.
खाली, बोथट टोकानं:
अजून नाही. १९७१.
आणि हिच्यासमोर मी जन्मभर
स्वतःला गर्विष्ठ समजत आले.

आज रविवार. दुसरा बाक रिकामा होता.
क्षमेची ओळ मी म्हटली की नाही, आठवत नाही.
ती का आली नाही,
मधुमेहाचा पाय पुन्हा चिघळला की काय,
हेच डोक्यात.

दुपारी पेन्सिलीला टोक काढलं.
आईच्या ओळींखाली तारीख घातली.
पुढचं लिहायला हात उचलला,
तोच शेजारी तार वाजली.
इलाहीभाईंना काहीतरी ऐकू आलं असावं,
कारण कानस पुन्हा सुरू झाली.